पाय जपणाऱ्या जिजी

क्लास सुरू होण्याआधी जिजी आमच्या चपला बघायच्या. दाराशी काढलेल्या चपला एकेक करून उचलायच्या, उलट्या करायच्या आणि तळ कुठे झिजलाय ते अंगठ्यानं चाचपायच्या. मुलीला पहिल्यांदा घेऊन आलेल्या आयांना हा प्रकार चमत्कारिक वाटे. नाच शिकवणारी बाई मुलीचे डोळे बघेल, हातांची ठेवण बघेल. ही चपलांत काय शोधते? जिजी शांतपणे विचारायच्या, "ही बाहेरच्या बाजूनं झिजलेली कुणाची? मालती, तुझी ना? डाव्या पायावर कलून राहिली आहेस तू. आज तुला चकरा नाहीत. भिंतीशी उभं राहायचं, दोन्ही पायांवर सारखं." मालती हिरमुसून भिंतीशी जायची आणि आम्ही बाकीच्या आपापल्या चपलांकडे चोरून बघायचो.

त्यांचं खरं नाव आमच्यातल्या फार थोड्या मुलींना माहीत होतं. आमच्याकडे माळव्यात मोठ्या बहिणीला जिजी म्हणतात, तसं इंदुरातलं आमचं सगळं मल्हारगंज त्यांना जिजी म्हणे. वय चाळिशीच्या आसपास, लग्न केलेलं नाही, पाचवारी लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. चालताना उजवा पाय किंचित ओढत. वडील होळकरांच्या नोकरीत होते. त्यांनी मुलीला लहानपणीच एका वृद्ध गुरुजींकडे कथ्थक शिकायला बसवलं, तेव्हा नातेवाईकांनी त्यांच्या घरचं पाणी सोडलं होतं म्हणे. मी शिकायला लागले तोवर संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला होता, आणि मराठी घरांतल्या मुली नाच शिकतात याचं लोकांना पूर्वीइतकं काही वाटत नव्हतं. तरी रस्त्यानं घुंगरू नेताना आई ते भाजीच्या पिशवीत घालून द्यायची आणि वर मेथीची जुडी ठेवायची.

एका संस्थेच्या हॉलमध्ये जिजींचा क्लास भरे. तबल्यावर कासीमचाचा असायचे. ते वेळेवर येऊन तबला लावून बसायचे आणि मग बराच वेळ त्यांना काही काम नसायचं, कारण जिजी आम्हाला लगेच नाचू देत नसत. आधी हॉलभर नुसतं चालायचं. मग घोटे गोल फिरवायचे, गुडघे हलकेच वाकवायचे, टाचा उचलून सावकाश खाली ठेवायच्या. घुंगरू सगळ्यात शेवटी. हिवाळ्यात तर हे सगळं इतका वेळ चाले की कासीमचाचा रजईतून हात बाहेर काढायला तयार नसत. "जिजी, लड़कियाँ नाचेंगी आज, या सिर्फ़ टहलेंगी?" ते विचारायचे. जिजी म्हणायच्या, "चाचा, तुम्ही तबला ठोकून-ठाकून सुरात आणता की नाही? मग माझ्या पोरींचे पाय काय आकाशातून लागून येतात?"

पाय आपटलेला त्यांना मुळीच खपत नसे. एखादी जोरात आपटायला लागली की त्या टाळी वाजवून सगळ्यांना थांबवायच्या. "जमिनीशी भांडण आहे का तुझं? पाय ठेव. सगळा तळवा ठेव. आवाज आपोआप येईल." स्वतः फारसं करून दाखवता येत नसल्यामुळे त्या हाताचे पंजे पाटावर वाजवून दाखवायच्या. त्या दोन पंजांतून टाच, चवडा, पूर्ण पाऊल असं सगळं वेगवेगळं ऐकू यायचं.

दुखण्याबद्दल त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. नव्या मुलीला ते पहिल्याच आठवड्यात ऐकावं लागे. "दुखणं दोन जातींचं असतं. एक थकव्याचं. ते तुमच्याबरोबर झोपतं आणि झोपेतच जातं. दुसरं सकाळी तुमच्या आधी उठून बसतं. ते आलं की मला सांगायचं. मी रागवणार नाही, पण लपवायचं नाही." मग घाम आलेल्या अंगानं वाऱ्यात उभं राहायचं नाही, ताप असेल तर यायचं नाही, भरल्या पोटी नाचायचं नाही, अशी एक लांबलचक यादी. आम्हाला ती सगळी तोंडपाठ होती, आणि त्या वयात तोंडपाठ असलेल्या गोष्टींकडे लक्ष द्यायची गरज असते असं वाटत नाही.

त्यांची एकच तक्रार कायम असे, ती हॉलच्या फरशीची. संस्थेला कुणीतरी नवी, गुळगुळीत, काळीशार फरशी बसवून दिली होती आणि संस्थेचे सेक्रेटरी भाऊसाहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कौतुकानं दाखवायचे. जिजी दर दोन-चार महिन्यांनी त्यांच्याकडे जाऊन सांगायच्या, "भाऊसाहेब, पूजेला ठीक आहे ही, सभेला ठीक आहे. नाचायला नको. दगड मागे हटत नाही, मग हाडाला हटावं लागतं. वर लाकडाच्या फळ्या टाकून द्या." भाऊसाहेब म्हणायचे, "बघू या जिजी, पुढच्या वर्षी." भाऊसाहेब वाईट माणूस नव्हते. संस्थेसाठी सायकलवरून गावभर फिरायचे. पण त्या फरशीवर फळ्या टाकायच्या ही कल्पनाच त्यांना सोसत नसावी.

माझे वडील, नाना, सचिवालयात कारकून होते. मध्यभारताची राजधानी तेव्हा ऋतूंबरोबर फिरायची. थंडीत ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. मंत्र्यांबरोबर फायलींच्या पेट्या जायच्या आणि पेट्यांबरोबर नाना. आमच्या क्लासचे कार्यक्रम थंडीत व्हायचे. त्यामुळे नातेवाईकांचं ऐकून न घेता ज्या माणसानं मला नाच शिकायला पाठवलं, त्यानं मला एकदाही कार्यक्रमात नाचताना पाहिलेलं नव्हतं. मी मॅट्रिकच्या आधीच्या वर्गात होते, त्या वर्षी संस्थेनं भर उन्हाळ्यात मोठा कार्यक्रम ठरवला. सरकार इंदूरला असताना मंत्री येतील, संस्थेला मान्यता मिळेल, असा भाऊसाहेबांचा हिशेब होता. त्यात शेवटचा, एकटीचा नाच जिजींनी मला दिला. नानांनी ऑफिसात सगळ्यांना सांगून टाकलं. त्यांच्या साहेबांनीही येतो म्हणून कबूल केलं होतं. नानांनी पांढरा कोट धुऊन, इस्त्री करून खुंटीला लावून ठेवला, तो मला येता-जाता दिसायचा.

तालमी वाढल्या. भाऊसाहेब मधूनमधून येऊन मागे उभे राहायचे आणि म्हणायचे, "पायांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे बरं का." जिजी तिकडे लक्ष देत नसत. पण मी दिलं. क्लास संपला की मी घरी येऊन ओसरीच्या दगडावर पुन्हा तेच करत बसायची, जिजींनी सांगितलं त्याच्या किती तरी पट. काही दिवसांनी उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखू लागलं. आधी नाचताना, मग नाचून झाल्यावर, आणि मग एक दिवस सकाळी अंथरुणातून पाय खाली टेकवला तेव्हाच. जागा अगदी नेमकी होती, बोट ठेवून दाखवता येईल अशी. मी कुणालाच दाखवली नाही. कार्यक्रम तोंडावर आला होता आणि कोट खुंटीला होता.

हॉलच्या बाहेर काही पायऱ्या होत्या. एका संध्याकाळी तालीम संपवून मी त्या उतरत होते आणि जिजी खाली टांग्याची वाट बघत उभ्या होत्या. मी त्यांच्याजवळ आल्यावर त्या म्हणाल्या, "शशी, परत वर जा."

मला वाटलं काही विसरलं. मी वर गेले.

"आता उतर."

मी उतरले. त्या म्हणाल्या, "प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय आणतेस. लहान पोरं उतरतात तशी. बस इथे."

मी पायरीवर बसले. त्या माझ्यासमोर खाली बसल्या, माझा पाय मांडीवर घेतला आणि नडगीवरून अंगठा दाबत-दाबत वरून खाली आणू लागल्या. त्या जागेवर अंगठा आला तेव्हा माझा श्वास अडकला. त्यांनी अंगठा लगेच उचलला.

"सकाळी दुखतं?"

मी मान हलवली. माझ्या पिशवीतून घुंगरू डोकावत होते. ते त्यांनी काढून स्वतःच्या पिशवीत टाकले. "हे माझ्याकडे राहू देत," त्या म्हणाल्या. "चल, तुझ्या घरी जाऊ."

घरी नाना नुकतेच आले होते. जिजींनी चहासुद्धा घेतला नाही. "नाना, शशी या कार्यक्रमात नाचणार नाही," त्यांनी उभ्या-उभ्याच सांगितलं. आई दारात थबकली.  नाना म्हणाले, "पाय दुखतोय तर तेल लावू, शेकू. अजून वेळ आहे. जिजी, माझे साहेब येणार आहेत."

"माहीत आहे."

"मी हिचा नाच अजून बघितलेला नाही."

"तेही माहीत आहे," जिजी म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "नाना, तुम्हाला हिचा एक नाच बघायचा आहे की पुष्कळ बघायचे आहेत, ते तुम्ही ठरवा. एक बघायचा असेल तर मी अडवत नाही. ती नाचेल. पोरगी जिद्दीची आहे, रडत का होईना, पूर्ण करेल. पुढचं मी सांगू शकत नाही."

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघत होते. मला तेव्हा जिजींचा इतका राग आला होता की त्यांच्या ओढत्या पायाबद्दल मनात वाईट-वाईट विचार येत होते. स्वतःला नाचता येत नाही म्हणून दुसऱ्यालाही नाचू देत नाहीत, असलं काही तरी. शेवटी नाना म्हणाले, "डॉक्टरला दाखवा. तुम्हीच न्या. तुम्हाला कळेल काय विचारायचं ते."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जाताना टांगा आधी हॉलवर थांबला. जिजी आत गेल्या. मी टांग्यातच बसून होते आणि दार उघडं होतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. भाऊसाहेब आधी समजावत होते, मग आवाज चढला. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे जिजी. पट्टी बांधा, गोळी द्या. एक दिवस."

"मलाही एकाच दिवसाचा प्रश्न आहे असं सांगितलं होतं," जिजी म्हणाल्या.

"तुमची गोष्ट वेगळी."

"पाय सगळ्यांचे सारखेच असतात भाऊसाहेब. आणि बाकीच्या मुलीही या दगडावर आता नाचणार नाहीत. फळ्या टाका, सगळ्या नाचतील. शशी सोडून."

भाऊसाहेब म्हणाले की असं असेल तर संस्थेला दुसऱ्या बाईंचा विचार करावा लागेल.  त्यावर जिजी सरळ बाहेर आल्या, त्यांच्या मागे कासीमचाचा डोक्यावर तबला-डग्गा घेऊन. टांगेवाल्यानं विचारलं, "किधर चलना है, जिजी?" त्या म्हणाल्या, "पहले चाचा का घर, फिर छावनी." चाचा माझ्याशेजारी बसले, डग्गा मांडीवर घेतला आणि म्हणाले, "अच्छा हुआ. उस पत्थर पे मेरे कान भी दुखते थे."

छावणीतले ते डॉक्टर पूर्वी महूच्या लष्करी इस्पितळात होते. उंच, खांदे सरळ, बोलणं थोडकं. त्यांनी माझा पाय तपासला आणि त्यांना मुळीच नवल वाटलं नाही. "नवे रंगरूट हेच घेऊन यायचे माझ्याकडे," ते म्हणाले. "कडक मैदानावर परेड, रोज जास्त, विश्रांती नाही. हाड एकदम मोडत नाही, बारीक चीर पडते. तशीच परेड केली तर मात्र मोडतं." त्यांनी एक्स-रे फोटो काढायला पाठवलं. फोटोत ती चीर केसासारखी दिसली. मग प्लास्टर घातलं. जिजी त्यांना एकामागून एक विचारत होत्या. पाय कधी टेकवायचा, आधी काय करायचं, नाच कुठून सुरू करायचा, पुन्हा दुखलं तर किती मागे जायचं. डॉक्टरांना तो प्रश्नांचा मारा आवडलेला दिसला. ते कागदावर हाड काढून दाखवायला लागले. शेवटी त्यांची नजर जिजींच्या पायाकडे गेली.

"आणि हे काय आहे?"

"जुनं आहे," जिजी म्हणाल्या.

"दाखवा."

त्यांना नाही म्हणणं अवघड होतं. जिजी खुर्चीवर बसल्या. डॉक्टरांनी घोटा हातात धरून इकडे-तिकडे फिरवला, दाबून बघितला. "मुरगळला होता. आणि त्यावर नाचलात."

"हो."

"किती दिवस?"

"एकच कार्यक्रम होता. आदल्या दिवशी मुरगळला. लग्नघर होतं, मोठे लोक होते. गुरुजी नको म्हणत होते, पण यजमानांचा आग्रह पडला आणि माझीही हौस होती. मध्येच पाय गेला." एवढं त्यांनी एका दमात सांगितलं, जणू दुसऱ्या कुणाचं सांगतायत. मग विचारलं, "तेव्हा काही करता आलं असतं का?"

डॉक्टर खरं बोलणारे होते. "तेव्हा बांधून दीड-दोन महिने स्वस्थ बसला असतात, तर बहुतेक पूर्ण बरा झाला असता. आता नाही होणार. दुखणार नाही एवढं करता येईल."

 परतताना टांगा राजवाड्यावरून वळला, गर्दी होती, कुणीतरी जिजींना हाक मारून नमस्कार केला, त्यांच्या लक्षातही आलं नाही. मल्हारगंज जवळ आलं तेव्हा त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "दीड-दोन महिने. मी समजत होते, नशिबातच नव्हतं." माझा आदल्या दिवशीचा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. त्यांचा हात धरावा असं वाटलं, पण तेवढं धाडस झालं नाही.

कार्यक्रम झाला. दुसऱ्या बाई आल्या, निम्म्या मुली तिथेच राहिल्या आणि चांगल्या नाचल्या, असं ऐकलं. त्या संध्याकाळी मी घरी पलंगावर प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून पडले होते. नाना कोट न घालता घरीच बसले. थोड्या वेळानं जिजी आल्या आणि म्हणाल्या, "चल, तास घेऊ." मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. त्यांनी पलंगाजवळ पाट ओढला आणि मला बोल म्हणायला लावले. नाचाचे बोल आधी तोंडानं, हातानं ताल धरून म्हणायचे असतात. त्याला पढंत म्हणतात. क्लासमध्ये आम्ही ते कसेबसे उरकायचो. आता ते सोडून दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

त्या रोज येऊ लागल्या. पढंत झाली की हात, मान, नजर. "पाय झोपलाय, बाकीची शशी जागी आहे ना?" त्या म्हणायच्या. मला घाई झालेली असायची. रोज विचारायची, कधी काढणार, कधी उभी राहू. "हाडाला हुकूम चालत नाही," त्या म्हणायच्या. "त्याला त्याचं काम करू दे. तू तुझं कर." आई आधी दारातून बघायची, मग सुपात निवडणटिपण घेऊन आत येऊन बसायला लागली. काही दिवसांनी ती भाकऱ्या थापता-थापता बोल म्हणते असं नानांनी मला हळूच सांगितलं.

प्लास्टर निघालं तेव्हा पाय काडीसारखा झाला होता. मला रडू आलं. जिजींनी जमिनीवर हातरुमाल टाकला आणि म्हणाल्या, "बोटांनी उचल." सोपं वाटलेलं ते काम मला जमेना. ते जमल्यावर भिंतीला धरून एका पायावर उभं राहायचं. मग लालबाग महालाच्या कुंपणाबाहेरच्या मऊ गवतावर सकाळी अनवाणी चालायचं, त्याही माझ्याबरोबर चालायच्या, आपल्या पद्धतीनं, जरा ओढत. एखाद्या दिवशी ठणकलं की दुसऱ्या दिवशी कमी चालायचं. मी चिडले की त्या वाद घालत नसत. नुसत्या गवतावर बसून राहायच्या आणि माझी चिडचिड संपायची वाट बघायच्या.

दरम्यान त्यांनी घरी क्लास भरवायचं ठरवलं होतं. त्यांच्या घरामागे वडिलांच्या वेळची बग्गी ठेवायची लांबट खोली होती. बग्गी कधीच विकली होती, आत मोडक्या खुर्च्या पडलेल्या. ती रिकामी केली. फळ्या परवडण्यासारख्या नव्हत्या, म्हणून मातीची जमीन करायचं ठरलं. आमची काळी माती भेगाळते, म्हणून सिमरोलकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्यानं बैलगाडीतून पिवळी माती आणून टाकली. भुसा, शेण, पाणी घालून आम्ही मुलींनीच ती तुडवली. मला तुडवायला परवानगी नव्हती. मी पाणी शिंपडत होते. मालती तर संस्था सोडून आली ती त्या दिवशीच, फ्रॉक खोचून थेट चिखलात उतरली. ती जमीन सुकवायची, धुमसायची, पुन्हा सारवायची, असं किती तरी दिवस चाललं. तयार झाल्यावर जिजी अनवाणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालून आल्या आणि म्हणाल्या, "हां. ही ऐकते."

त्या जमिनीवर मी पुन्हा पहिल्यापासून शिकले. लहान मुलींच्या रांगेत, बिनघुंगराची. हळूहळू एकेक पदर करत घुंगरू परत मिळाले. पुढच्या उन्हाळ्यात सरकार पुन्हा इंदूरला आलं तेव्हा एका रविवारी सकाळी जिजींनी नानांना बोलावलं. मंत्री नव्हते, साहेब नव्हते, बग्गीच्या खोलीत सतरंजीवर चार-पाच आई-बाप बसले होते. नाना पांढरा कोट घालून आले. मी नाचले. किती चांगलं नाचले ते मला सांगता येणार नाही, कारण माझं सगळं लक्ष पायाकडे होतं आणि पाय काहीच बोलत नव्हता. नानांनी कौतुक केलं नाही, त्यांना ते जमत नसे. निघताना ते जिजींसमोर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "पुष्कळ बघायचे आहेत." जिजी हसल्या.

तसे पुष्कळ त्यांनी बघितलेही. मी पुढे नाचत राहिले, शिकवत राहिले. माझ्याकडे शिकलेल्या मुली आता नाती-पणतींच्या वयाच्या मुलींना शिकवतात. त्यांच्यातली कुणी दुखणं लपवून नाचत नाही याची मी खात्री देऊ शकत नाही, पण लपवल्याचं माझ्यापासून फार दिवस लपलेलं नाही. जिजी गेल्या तेव्हा मी भोपाळला होते, धाकटा मुलगा अंगावर होता. मला निघता आलं नाही. मालती गेली होती. ती म्हणाली, शेवटपर्यंत क्लास चालू होता, फारसं दुखणं काढलं नाही. मला तेवढं पुरे झालं नाही, पण त्यापुढे विचारण्यासारखं काही नव्हतं.

जिजी आठवल्या की मला इंदूर सोडायच्या आधीची सकाळ आठवते. मध्यभारत संपला, नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला ठरली आणि फायलींच्या पेट्यांबरोबर या वेळी नाना एकटे न जाता आम्ही सगळेच निघालो. घर आवरलेलं, सामान बांधलेलं. जिजींनी निरोप पाठवला होता, घुंगरू घेऊन ये. मला वाटलं, शेवटचं म्हणून एखादा झालेला नाच करून घेतील. खोलीत कासीमचाचा आणि त्या, दोघंच होते.

"आज नवीन शिकवते," जिजी म्हणाल्या. "आतापर्यंत कुणाला दिलेलं नाही."

त्यांनी एक लांब, अवघड रचना म्हणायला सुरुवात केली. थोडं म्हणायच्या, मला म्हणायला लावायच्या, मग नाचायला. बोल विलक्षण सुंदर होते, एकात एक गुंफलेले. उन्हं वर येईपर्यंत आम्ही तेच करत होतो. निम्म्याच्या जरा पुढे आल्यावर त्या थांबल्या.

"इथपर्यंत मी नाचले होते," त्या म्हणाल्या. "त्या लग्नघरात. इथे पाय गेला. पुढचं गुरुजींनी मला नंतर बिछान्याशी बसून नुसतं तोंडी दिलं. रोज म्हणते मी ते, विसरू नये म्हणून. नाचून कसं होतं ते मला माहीत नाही."

त्यांनी पुढचं म्हटलं. मी ऐकलं, म्हटलं, दोनदा-तीनदा चुकले, मग जमलं. "आता सगळं एकदम," त्या म्हणाल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. चाचांनी ठेका धरला. मी सुरुवात केली. त्यांनी थांबवलं होतं ती जागा आली, मी ओलांडली आणि पुढे गेले. त्या भागात चकरा होत्या, त्यांतून बाहेर येताना मला जिजी ओझरत्या दिसल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि मांडीवर ठेवलेले दोन्ही पंजे माझ्या पायांबरोबर हलत होते. शेवटची तिहाई आली, तोच तुकडा तीनदा म्हणून ताल जिथे पुरा होतो ती, आणि मी समेवर उभी राहिले. चाचांनी तबल्यावरचे हात उचलून डोळ्यांना लावले. मी धापा टाकत जिजींकडे बघत होते. त्यांनी बराच वेळ डोळे उघडले नाहीत.

"तिहाईत घाई केलीस," मग त्या म्हणाल्या.

"हो."

"दम घे. पाणी पी. आणि पुन्हा कर." त्यांनी पदरानं चेहरा पुसला आणि भिंत सोडून पुढे सरसावून बसल्या. "आत्ता मी नुसतं ऐकलं. आता बघू दे."